दिवाळसणाच्या उशा

दसरा होऊन गेला की उन्हाचा स्वभाव बदलतो. सकाळी ते अंगावर घ्यावंसं वाटतं आणि दुपारी मात्र नको नको होतं. खामगावात या दिवसांत कापसाचं तूस हवेत उडत असायचं. वाळत घातलेल्या लुगड्यांना चिकटायचं, दुधाच्या पातेल्यावर बसायचं, म्हाताऱ्या माणसांना खोकला लावायचं. सरकी काढायच्या गिरण्यांच्या, जिनांच्या, भोंग्यावर आमच्या गल्लीतला दिवस उगवायचा आणि मावळायचा. बाकीच्यांना दिवाळी म्हटलं की उटण्याचा नाहीतर तळणाचा वास आठवतो. मला कालवलेल्या मैद्याचा वास आठवतो. त्याला मी तरी काय करू?

यंदा तो वास घरातच आला. नात सुट्टीला आली आहे. शाळेनं सुट्टीत काहीतरी हातानं करून आणायला सांगितलंय, म्हणून ती ओट्यावर मैदा कालवत बसली होती. मला म्हणाली, "आजी, याला बाटिक म्हणतात. खरं तर मेण लागतं, पण मैद्यानंही होतं. मी उशीचे अभ्रे करणारे. तुला नसेल माहीत." मी म्हटलं, "त्यात तुरटीची पूड घाल. नाहीतर उद्यापर्यंत आंबेल." पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. पुढचं विचारेल म्हणून मी तुळशीला पाणी घालायचं निमित्त करून बाहेर आले. तुळशीला सकाळीच पाणी घातलं होतं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. शाळेत नव्या राज्याचा नकाशा लागला होता आणि त्यात आपलं खामगाव शोधून दाखवायला मास्तर आम्हाला पुढे बोलवायचे. मी नववीत होते. त्याच वर्षी हस्तकलेच्या नव्या बाई आल्या. मेणाचं काम पोरींच्या हाती द्यायला त्या घाबरायच्या, म्हणून त्यांनी आम्हाला मैद्याचं बाटिक शिकवलं. पातळ खळ करायची, कागदाच्या सुरळीत भरायची आणि पांढऱ्या कापडावर तिनं नक्षी काढायची. खळ उन्हात खडखडीत वाळली की कापड आक्रसतं, कडा वर येतात. मग ते हातात घेऊन चुरगाळायचं. खळीला बारीक तडे जातात. वरून कुंचल्यानं रंग फिरवायचा. तड्यांतून तो आत झिरपतो, खळीखालचं कापड तेवढं पांढरं राहतं. रंग वाळल्यावर खळ खरवडून काढली की खाली पानं, वेली, आणि त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आपण नुसतं चुरगाळलं होतं, आणि ते किती सुंदर झालं होतं.

माझी थोरली बहीण शांताताई. तिचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं, धामणगाव बढ्याला. घर मोठं, शेती रग्गड, जावई मॅट्रिक झालेला. बाबा जिनात काट्यावर कापूस तोलायला होते. आमच्या मानानं ते स्थळ फार वरचं होतं आणि ते आमच्या हाती कसं लागलं याचं नवल गल्लीत कोणी लपवलं नाही. लग्नात मायनं गादी-उशा दिल्या. त्या बघून ताईची नणंद भर मांडवात म्हणाली होती, "खामगावचे लोक ना तुम्ही? जिनातले? आन् उशा अशा गोणपाटावानी?" माय तेव्हा हसली. पण ते बोलणं तिनं गाठीला बांधून ठेवलं. आश्विन लागला आणि दिवाळसणाची बोलणी सुरू झाली तशी ती मला म्हणाली, "तुया त्या बाईनं शिकोलं ते करता येते का तुले? जवाईबापूच्या बैठकीच्या खोळी तशा करू. साऱ्या धामणगावात नसतील अशा."

मग आमच्या घराचा कारखाना झाला. पिंजारी आला, दारात बसून त्यानं कापूस पिंजला. त्याच्या धनुकलीच्या तारेचा तो टँव टँव आवाज दुपारभर गल्लीत घुमत होता आणि पिंजलेला कापूस फुगून फुगून ओसरी भरून गेला. मी मैदा कालवत होते. नक्षी काय काढायची यावरून आमचं भांडण. मायला मोर हवे होते. मी काढलेला मोर बघून ती म्हणाली, "हे तर कोंबडं हाये," आणि स्वतः पिसारा काढायला बसली. तिच्या पिसाऱ्यानं कोंबडं अजूनच बावळट दिसायला लागलं. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. शेवटी मी सीताफळाची पानं काढली आणि मोठ्या तक्क्यावर कापसाची फुटलेली बोंडं. माय एवढी हसलेली त्यानंतर मी पाहिली नाही, म्हणून तो मोर मला आठवतो.

रंग जांभळा होता. बाजारात पुडीचा रंग मिळायचा, तो. बाईंनी शाळेत बजावून सांगितलं होतं की हा रंग थंड पाण्यात कालवून लावला तर कच्चा राहतो. खळ काढल्यावर कापड मीठ आणि तुरटी घातलेल्या पाण्यात उकळायला हवं. मी मायला तसं सांगितलं. पण उकळलं की रंग मंद होतो, पांढऱ्या रेघांवर जांभळी झाक येते, हेही मी सांगून बसले. मायला तो झगझगीत रंग घालवायचा नव्हता. म्हणाली, "राहू दे. जवाई काय उशीवर पानी वतनार हाये?" मलाही ते पटलं. कोरड्या हातानं घासून पाहिलं, काही येत नव्हतं. खोळी शिवल्या, कापूस भरला, टाके घातले. बैठकीवर ओळीनं त्या उशा मांडल्या आणि शेजारपाजारच्या बाया बघून गेल्या. मायनं सगळ्यांना दारातूनच दाखवल्या. आमच्याकडची रीत अशी की जावयासाठी केलेल्या उशीला आधी त्याचं डोकं लागायचं, मग दुसऱ्या कोणाचं. मी केलेली उशी, पण मलाही टेकायची बंदी.

शांताताईला आणायला बाबा गेले. ती आली ती वाळून आली होती. नव्या नवरीची सासरी जरा हाडं निघतातच, असं आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, दर दिवाळीला आमच्याकडे असायच्या आणि सगळ्या गोष्टींचं कारण त्यांना ठाऊक असायचं. ताई डोक्यावरचा पदर घरातसुद्धा काढत नव्हती. कानांवरून घट्ट ओढून घ्यायची. माय म्हणाली, सासरची रीत असंल. मी तिला उशा दाखवायला ओढत नेलं. तिनं एकेका पानावरून बोट फिरवलं. "हे कसं केलं वं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, आधी वाळू द्यायचं, मग चुरगाळायचं. "आन् मग?" ती म्हणाली. मी म्हटलं, मग रंग. तिनं पदर पुन्हा कानांवर ओढून घेतला, आणि मला वाटलं तिला आवडल्या नाहीत.

जावई धनत्रयोदशीला आले. त्यांच्यासारखा सभ्य माणूस मी तोवर पाहिला नव्हता, हे मला इथे सांगायलाच हवं. पांढरंशुभ्र धोतर, हळू बोलणं. मायला "मामीजी" म्हणून वाकून नमस्कार करायचे, मला "तुमी" म्हणायचे. चहा पिताना आवाज नाही, जेवताना ताटात शीत नाही. उशांना त्यांनी मनापासून दाद दिली. "हे लहान बाईनं केलं? वा!" असं ते म्हणाले तेव्हा मी लाजून चूर झाले होते. वाईट माणूस वाईट दिसतो, हे आपल्याला लहानपणी कोण शिकवतं कोण जाणे. निदान त्याच्या मिशा तरी मोठ्या असायला हव्या होत्या.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंग झालं, फराळ झाला, ओवाळणं झालं. दुपारी बाबा जावयांना कापसाचा बाजार दाखवायला घेऊन गेले. माय आणि आत्याबाई करंज्या भरत होत्या, मी लाटत होते. ताई मघापासून दिसत नव्हती. बऱ्याच वेळानं ती बैठकीच्या खोलीतून बाहेर आली. झोपली असावी, पदर खांद्यावर उतरला होता. तिचा एक गाल डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जांभळा झाला होता.

आत्याबाईंनी पाहिलं आणि हातातली करंजी टाकून त्या हसत सुटल्या. "अवं, दिवाईत शिमगा खेळला काय जवाईबापूनं!" माय रागावली, जावयाच्या उशीवर आडवी झाली म्हणून. "रीतभात सारी विसरली काय तू?" ताई गाल चोळायला लागली तसा हातही जांभळा झाला. आत्याबाई अजून जोरात हसल्या. मी हसले नाही. मला काही मोठं कळत होतं असं नाही. पण रंग मी कालवला होता. कोरड्या गालाला तो लागला नसता. घामानं थोडा लागला असता, ठिपक्याठिपक्यांनी. एवढा रंग उतरायचा तर उशी भिजायला हवी, चांगली ओलीचिंब.

मायलाही ते उमगलं असावं, कारण तिचं बोलणं मध्येच थांबलं. तिनं हात पुसले आणि ताईला दंडाला धरून न्हाणीत नेलं. मला खोबरेल तेलाची बाटली आणायला सांगितली. मी बाटली घेऊन दारात उभी राहिले. माय बोटानं तेल लावून ताईचा गाल पुसत होती. रंग भराभर निघत होता. कपाळाकडचा निघाला, गालाचा निघाला, हनुवटीचा निघाला. कानाखाली मात्र एक डाग राहिला. मायनं पुन्हा तेल लावलं, पदराचं टोक ओलं करून घासलं. तो हिरवट-पिवळा होता, कडेला जांभळा. माय घासतच राहिली.

"माय, तो रंग नाई," ताई म्हणाली.

मायचा हात थांबला. मग तिनं ताईचा पदर मागे सारून मानेकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं. तिथं काय होतं ते मला दारातून दिसलं नाही आणि दिसू नये म्हणून मायनं पाठ फिरवली. ताईचा आवाज तेवढा आला. "मले आता धाडू नको. मी इथंच राह्यतो. जिनात सरकी येचायले जाईन, पर धाडू नको." ती रडत नव्हती. रडणं सगळं उशीत संपवून आली होती. माय म्हणाली, "दिवाई होऊ दे. मंग पाहू."

दिवाळी होऊ दे. त्या तीन शब्दांवर मी ते पुढचे दिवस काढले. लक्ष्मीपूजनाला गल्लीभर पणत्या लागल्या, पोरांनी लवंगी फटाके उडवले, आणि मी मनात एकच घोकत होते, की ही एकदाची संपू दे म्हणजे ताई राहील. पाडव्याला ताईनं नवऱ्याला ओवाळलं. त्यांनी ओवाळणी घातली, सगळे छान छान म्हणाले. बाबांना मायनं सांगितलं होतं की नाही, मला कळत नव्हतं. पण ते जावयांच्या समोर बसेनासे झाले होते. काहीतरी काम काढून जिनाकडे जायचे. दिवाळीत जीन बंद होतं.

भाऊबीजेला आमच्या घरी ओवाळायला कोणी नव्हतं, आम्हाला भाऊ नव्हता. दरवर्षी आम्ही दोघी चंद्राला ओवाळायचो. त्या वर्षीही ओवाळलं. ताई ताट हातात घेऊन उगाच वेळ लावत होती, आणि मी मनात ठरवत होते की पुढच्या वर्षी तक्क्यांची नक्षी दोघी मिळून काढू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बैठकीवरच्या उशा उघड्या पडलेल्या. मायनं सगळ्या खोळी उसवून काढल्या होत्या. पांढऱ्या कापसाचे ते नागडे गठ्ठे ओळीनं पडले होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू! खोळी जावयाला द्यायच्या नाहीत, असं मायनं ठरवलं. म्हणजे ताईलाही धाडायचं नाही. मी धावत मागच्या अंगणात गेले. तिथं चुलाणावर मोठं घंगाळ चढवलेलं होतं आणि माय लाकडानं काहीतरी ढवळत होती. वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता. पाणी जांभळं झालं होतं. शेजारी मिठाचं मडकं होतं आणि पाट्यावर तुरटी कुटून ठेवली होती.

बाईंनी शिकवलेलं सगळं मीच तिला सांगितलं होतं. मीठ किती, तुरटी किती, किती वेळ उकळायचं. ती काहीच विसरली नव्हती. मी म्हटलं, "माय, हे काऊन करून राह्यली?" तिनं वर पाहिलं नाही. "कच्चा रंग सासरी धाडू नये," ती म्हणाली. "दिसते." मग लाकडानं ढवळत ढवळतच म्हणाली, "मले काय कमी झालं होतं? मी राह्यलीच ना? पोटात पोर आलं की निवते मानूस." बाबांबद्दल ती बोलते आहे हे समजायलाही मला क्षण लागला. माझे बाबा, जे मला मेळ्यात खांद्यावर बसवून फिरवायचे. त्या अंगणात एकाच सकाळी माझी दोन माणसं गेली.

दुपारपर्यंत खोळी वाळल्या. रंग मंद झाला होता, सीताफळाच्या पानांवर जांभळी झाक आली होती. मायनं ओलं फडकं घेऊन एकेक खोळ घासून पाहिली आणि परत शिवली. टाके बारीक घातले. आत्याबाई म्हणाल्या, "बरं केलं. आदी लई भडक दिसत होत्या."

शांताताई पुढच्या वर्षी दिवाळीला आली नाही; दिवस गेले होते म्हणून पाठवलं नाही. ते मूल राहिलं नाही. त्यापुढच्या पावसाळ्यात शेतातल्या विहिरीवर तिचा पाय घसरला, असा निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पाय कुठल्या दगडावर घसरला, हे बाबांनी विचारलं नाही. जावई हमसून हमसून रडत होते, आणि ते रडणं खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

मायला मी एकदा विचारलं. ती तेव्हा खूप थकली होती, माझ्याकडेच होती. म्हटलं, तिला ठेवून घेतलं असतं तर? मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "मंग तुले कोनं केली असती? घरात टाकलेली बहीन असली की धाकटीले कोन पाह्यते?" माझा नवरा चांगला निघाला. माझी मुलं शिकली. नात ओट्यावर मैदा कालवते आहे. यातलं काहीही मी नको म्हणू शकत नाही आणि मायला माफही करू शकत नाही. तिचा राग येतो तेव्हा तो घंगाळ ढवळणारा हात आठवतो. ती ढवळत होती खरी, पण त्या वाफेत ती पहाटेपासून उभी होती, आणि रंग पक्का व्हायला एवढा वेळ लागत नाही. तेही मीच तिला सांगितलं होतं.

नातीनं आत्ताच हाक मारली, खळ वाळली का बघ म्हणून. उन्हात पसरलेलं तिचं कापड आक्रसून कडक झालं आहे. "आता काय करायचं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते कर. मला ते दोन्ही हातांनी चुरगाळायला सांगवेना.

त्या दिवाळीनंतर ताईला पोचवायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो होतो, माय आणि मी. बाबा आले नाहीत. उशांचं गाठोडं मी डोक्यावर घेतलं होतं; आकारानं केवढं, आणि वजन काहीच नाही. नांदुऱ्यावरून मोताळ्याकडे जाणारी गाडी लागली तसे जावई जागा धरायला आत चढले. ताई गाठोड्यापाशी उभी राहिली. मायनं तिच्या ओटीत तांदूळ घातले, तोंडावरून हात फिरवला. ती मायच्या गळ्यात पडली नाही. तिनं गाठोड्याची गाठ जराशी सैल केली, बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वरच्या उशीच्या खोळीवर जोरजोरात घासलं. मग बोट उन्हात धरून बघितलं. ते कोरं होतं.

"पक्का झाला वं, माय," ती म्हणाली.

"हाव," माय म्हणाली.

आतून जावयांनी हाक मारली. ताईनं पदर कानांवर ओढून घेतला, गाठ आवळली आणि गाठोडं पोटाशी धरून ती गाडीत चढली.